जादू स्टिकमध्ये की मनगटात?

झाशी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. घोड्यावर स्वार झालेली राणी, पाठीशी बांधलेलं मूल आणि हातात तळपती तलवार. नेवाळकरांची झाशी, विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधली झाशी. आजही तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत.

पण याच गावात, सीपरी बाजार भागातल्या टेकडीवर आणखी एक पुतळा उभा आहे. त्याच्या हातात तलवार नाही, हॉकीची स्टिक आहे. तो पुतळा आहे मेजर ध्यानचंद यांचा. जन्म अलाहाबादचा, २९ ऑगस्ट १९०५चा. पण वडिलांच्या लष्करातल्या नोकरीपायी गावोगाव फिरणारं कुटुंब अखेर झाशीत स्थिरावलं आणि ध्यानचंद कायमचे झाशीकर झाले. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम, १९३२ साली लॉस एंजेलिस आणि १९३६ साली बर्लिन अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं या माणसाने देशाला मिळवून दिली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर एकट्याने चौदा गोल केले. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं, तेव्हा अंत्यसंस्कारासाठी त्यांना झाशीलाच आणलं गेलं. तेही स्मशानात नव्हे, तर ज्या हीरोज मैदानावर ते खेळले त्याच मैदानावर!

ध्यानचंद यांच्याबद्दलची एक गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. हॉलंडमध्ये म्हणे प्रेक्षकांना शंका आली, की या माणसाच्या स्टिकमध्ये लोहचुंबक दडवलेलं असणार. त्याशिवाय चेंडू असा चिकटून राहीलच कसा? मग स्टिक तोडून पाहिली. आत निघालं लाकूड, नुसतं लाकूड! दुसरी गोष्ट जपानची. तिथल्या लोकांना वाटलं, स्टिकला डिंक लावला असावा. आणि तिसऱ्या गोष्टीत एक बाई आपली हातातली चालायची काठी पुढे करतात आणि म्हणतात, आता हिने खेळून दाखवा. ध्यानचंद त्या काठीनेही गोल करतात.

या झाल्या दंतकथा. त्या ऐकून प्रत्येक जण एकच धडा घेतो, की स्टिकमध्ये काही नसतं, सगळं मनगटात असतं. ऐकायला छान वाटतं. पण मुलाला किंवा मुलीला घेऊन खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरलेल्या आई-वडिलांना हा धडा काही कामाचा नाही. कारण समोर भिंतीवर पन्नास स्टिक टांगलेल्या असतात. एक सहाशे रुपयांची, तर दुसरी चक्क पंधरा हजारांची. एक लाकडी, एक काळीकुट्ट कार्बनची. लांबी वेगळी, वजन वेगळं, बाक वेगळा. दुकानदार म्हणतो, “साहेब, हीच घ्या, इंटरनॅशनल प्लेअर्स हीच वापरतात.” आणि दहा वर्षांच्या पोराच्या हातात जागतिक दर्जाच्या सेंटर फॉरवर्डची स्टिक पडते. सहा महिन्यांनी पोराचं मनगट दुखतं, चेंडू ऐकत नाही, मग ते म्हणतं, “मला नाही खेळायचं हॉकी.” झालं! खेळ सुटला, पैसे गेले आणि घरात ठपका बसला तो पोरावर.

वाढत्या मापाची स्टिक

आपल्याकडे मुलांचं सगळंच वाढत्या मापाचं घ्यायची पद्धत आहे. शाळेचा गणवेश घ्या, बूट घ्या, पावसाळ्याचा रेनकोट घ्या. ‘पुढच्या वर्षीही होईल’ हा हिशेब मध्यमवर्गीय घरात चुकीचा म्हणता येणार नाही. गणवेशाच्या बाह्या दुमडता येतात, बुटात कापूस घालता येतो. स्टिकला मात्र बाह्या नसतात.

गंमत अशी, की विटीदांडू खेळलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. आजोळच्या अंगणात ज्याने दांडू तासला, त्याला ठाऊक असतं की थोरल्या मामेभावाचा दांडू आपल्या हाताला बसत नाही. विटी उडते, पण टोला बसत नाही. म्हणून प्रत्येक पोर आपापला दांडू आपल्या हाताच्या मानाने करून घ्यायचं. कुऱ्हाडीचा दांडा घालणारा सुतारही आधी कुऱ्हाड कोण चालवणार ते विचारतो. हा साधा शहाणपणा दुकानात शिरताना आपण बाहेर चपलांपाशी ठेवून जातो!

स्टिकची लांबी मोजायचा एक सोपा मार्ग आहे. मुलाला बुटांसह सरळ उभं करा आणि स्टिक त्याच्या शेजारी जमिनीवर उभी टेकवा. मुठीचं वरचं टोक कमरेच्या हाडाच्या आसपास आलं, तर माप बरोबर. बेंबीच्या वर गेलं तर स्टिक लांब झाली. मांडीपाशीच राहिलं तर आखूड. उंची चार फुटांच्या आसपास असेल तर साधारण २८ इंची स्टिक पुरते. पाच फुटांच्या मुलाला ३५ इंची चालते. सव्वापाच ते पावणेसहा फुटांच्या खेळाडूंसाठी सगळीकडे साडेछत्तीस इंची मिळते आणि त्याहून उंच असेल तर साडेसदतीस इंची. अर्थात हा झाला अंदाज. पाय लांब असलेली मुलं असतात, हात लांब असलेलीही असतात. म्हणून आकड्यावर न जाता मुलाला वाकून खेळायच्या पवित्र्यात उभं करून पाहावं. स्टिक लांब असली की डावं कोपर अंगाला अडतं, मूठ पोटाला टोचते. आखूड असली की पाठ फार वाकते. लांबीची चूक त्या दोन मिनिटांत उघडी पडते.

वजनाचं तसंच. आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्टिकचं वजन ७३७ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. पण ही झाली कमाल मर्यादा. मोठी माणसंही सहसा साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासची स्टिक वापरतात. बचाव फळीत खेळणाऱ्याला थोडी जड बरी वाटते, कारण त्याला अडवायचं असतं, लांब फटका मारायचा असतो. पुढच्या फळीतल्याला हलकी हवी. आणि मुलांना? दुकानात त्या मापात जी सर्वांत हलकी असेल, ती.

पारख करायची जुनी युक्ती आहे. स्टिक फक्त डाव्या हाताने, मुठीच्या वरच्या टोकाशी धरायची आणि खांद्याच्या उंचीवर समोर आडवी धरून ठेवायची. दहापर्यंत आकडे मोजायचे. टोक खाली झुकायला लागलं किंवा हात थरथरला, तर ती स्टिक परत भिंतीवर टांगायची. डाव्याच हाताने का? कारण हॉकीत खरा मालक डावा हात असतो. स्टिक उलटसुलट वळवायचं काम तोच करतो. उजवा हात खाली नुसता आधाराला असतो आणि फटक्याच्या वेळी जोर लावतो. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा दिसतो तो या डाव्या मनगटाच्या भिंगरीमुळे. म्हणजे हॉलंडवाल्यांनी शोधलेलं ते लोहचुंबक खरं तर होतं इथे!

इथे एखादी आई विचारील, “आमचा डावखुरा आहे, त्याच्यासाठी डावखुऱ्यांची स्टिक मिळेल का?” मिळणार नाही. हॉकीची स्टिक एकाच जातीची असते, सपाट बाजू डावीकडे आणि गोल बाजू उजवीकडे. नियमच तसा आहे. चेंडू फक्त सपाट बाजूने मारायचा. क्रिकेटमध्ये डावखुरा उलटा उभा राहतो, इथे ती सोय नाही. पण डावखुऱ्या मुलाने नाराज व्हायचं कारणच नाही. ज्या हाताला सगळ्यात जास्त काम, तो त्याचा मुळातच तयार असतो.

बरं, “सचिन नाही का जड बॅटने खेळायचा?” हा प्रश्न महाराष्ट्रात येणारच. खेळायचा, खरं आहे. सचिन तेंडुलकरच्या बॅटचं वजन हा वर्षानुवर्षं चर्चेचा विषय होता. पण टेनिस एल्बोने २००४ साली त्याला किती छळलं, तेही आठवावं. लाखात एखाद्याला जे पेललं, ते आपल्या पोराला पेलेलच असं धरून चालणं हा जुगार आहे. आणि त्यात डाव लावला जातो तो पोराच्या मनगटाचा.

तुती, वेत आणि रबर

लांबी आणि वजन समजायला सोपं. खरी मेख आहे ती तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे स्टिक किती ताठ आणि किती लवचिक यात.

ध्यानचंद यांच्या काळातली स्टिक म्हणजे सुतारकामाचा उत्तम नमुना. खालचा वळलेला भाग तुतीच्या लाकडाचा. तुतीच का? तिचे तंतू दाट असतात, लाकूड चिवट असतं आणि उष्णता देऊन ते न तुटता वाकवता येतं. वरची मूठ मात्र वेताची. वेताचे तुकडे जोडून, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून मूठ बनवायची आणि ती तुतीच्या भागात पाचरीसारखी बसवायची. या रबराचं आणि वेताचं काम एकच, चेंडूचा हादरा मधल्या मध्ये पिऊन टाकणं. चेंडू काही मऊ नसतो. दीडशे ग्रॅमहून जास्त वजनाचा, दगडासारखा टणक. तो वेगाने येऊन स्टिकवर आदळला की हादरा मुठीतून मनगटात, मनगटातून कोपरात जातो. वेत थोडा लवतो, रबर थोडं दबतं आणि हातापर्यंत पोचतो तो हादऱ्याचा उरलासुरला भाग. शिवाय चेंडू स्टिकवर क्षणभर जास्त टेकतो. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळतो. खेळाडू त्यालाच ‘फील’ म्हणतात.

अशा स्टिकचं मोठं माहेरघर होतं सियालकोट. फाळणी झाली, सियालकोट पाकिस्तानात गेलं आणि तिथले कित्येक कारागीर जालंधर, मेरठ इथे येऊन स्थिरावले. खेळाच्या सामानासाठी ही दोन शहरं आज देशभर ओळखली जातात, त्यामागे ही अशी उठून आलेली बिऱ्हाडं आहेत. भारत-पाकिस्तानच्या खेळाडूंनी स्टिकचं रूपही बदललं. इंग्रजी पद्धतीच्या स्टिकचं खालचं टोक लांबट असायचं. आपल्याकडच्यांना चेंडू डावी-उजवीकडे भराभर नाचवायचा असे. मग टोक आखूड झालं, वळण घट्ट झालं. खेळाने स्टिक घडवली, ती अशी.

या लाकडी स्टिकने काय काय केलं? लॉस एंजेलिसला अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला. त्यात धाकटे बंधू रूपसिंग यांचे दहा आणि ध्यानचंद यांचे आठ गोल होते. बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. पण ध्यानचंद यांना स्वतःला सर्वांत आवडलेला सामना यांपैकी कुठलाच नव्हता! तो होता १९३३च्या बायटन कपचा अंतिम सामना, कलकत्त्यातला. एका बाजूला बलाढ्य कलकत्ता कस्टम्स आणि दुसऱ्या बाजूला झाशी हीरोज, म्हणजे झाशीच्या पोरांचा संघ. ध्यानचंद यांनी मैदानाच्या मध्यावरून एक लांब पास दिला, इस्माईलने धावत जाऊन तो गोलमध्ये घातला आणि झाशीने १-० ने कप जिंकला. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या धन्याला आयुष्यभर आठवत राहिला तो हा पास.

गोल्फवाल्यांचा धडा

ताठ की लवचिक हा प्रश्न फक्त हॉकीचा नाही. गोल्फमध्ये तर यावर अख्खं शास्त्र उभं आहे. गोल्फच्या क्लबची दांडी, म्हणजे शाफ्ट, एकेकाळी हिकरी नावाच्या लाकडाची असे. अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली पोलादी शाफ्टला मान्यता मिळाली. पुढे १९७०च्या दशकात ग्रॅफाइट आलं, म्हणजे कार्बनच. हॉकीने नंतर जो प्रवास केला, तो गोल्फने आधीच करून ठेवला होता.

गोल्फचा शाफ्ट फटका मारताना धनुष्यासारखा वाकतो आणि चेंडूपाशी येताना पुन्हा सरळ होतो. तो किती वाकणारा हवा, हे तुम्ही क्लब किती वेगाने फिरवता यावर ठरतं. मोठ्या क्लबचा, म्हणजे ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर ‘रेग्युलर’. ९५ ते १०५ असेल तर ‘स्टिफ’, म्हणजे ताठ. त्याहून जास्त असेल तर ‘एक्स्ट्रा स्टिफ’. वेग ८५च्या खाली असेल तर ‘सीनियर’ आणि ७५च्या खाली ‘लेडीज’. आता ही नावं ज्याने ठेवली त्याला माणसाच्या स्वभावाची काडीची जाण नसावी. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला कुठला गृहस्थ सर्वांसमोर ‘सीनियर’ शाफ्ट मागेल? मग तो ‘स्टिफ’ घेतो. शाफ्ट त्याच्या वेगाला वाकतच नाही, चेंडू उंच उठत नाही आणि उजवीकडे भरकटतो. उलट दणकट तरुणाने फार लवचिक शाफ्ट घेतला तर चेंडू उंच चढतो आणि डावीकडे ओढला जातो. दोघंही दोष देतात आपल्या नशिबाला!

हॉकीची स्टिक गोल्फच्या शाफ्टइतकी वाकत नाही, पण तत्त्व तेच. ताठ स्टिक स्वतः शक्ती खात नाही, हाताने दिलेला जोर जवळजवळ सगळा चेंडूला देते. मात्र त्यासाठी आधी हातात जोर असावा लागतो आणि चेंडू स्टिकच्या नेमक्या जागी बसावा लागतो. जागा चुकली की तीच ताठ स्टिक सगळा हादरा हाताला परत करते. शिकाऊ मुलाची जागा दहापैकी सात वेळा चुकणारच, शिकतोय म्हणजेच चुकतोय. थोडी लवचिक स्टिक त्याच्या चुका पोटात घालते आणि येणारा चेंडू थांबवतानाही मदत करते. ताठ स्टिकवरून चेंडू टणकन उसळून दूर जातो.

लाकूड गेलं, कार्बन आला

मग लाकडी स्टिक मागे का पडली? उत्तर जमिनीत आहे, शब्दशः. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. भारत सातवा आला. मातीच्या, गवताच्या मैदानावर चेंडू उड्या मारत यायचा, त्याला काबूत ठेवणारं मनगट श्रेष्ठ ठरायचं. गुळगुळीत कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ सुसाट जातो. तिथे जोराला, वेगाला आणि दमसासाला भाव आला. त्यात ही मैदानं पाणी मारून ओली ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, जड होतं. मग काचेचे धागे, कार्बनचे धागे आणि अरामिड यांची बनवलेली कंपोझिट स्टिक आली आणि तिने बघता बघता आंतरराष्ट्रीय मैदान व्यापलं.

या स्टिकवर बहुधा कार्बनची टक्केवारी छापलेली असते. वीस टक्के, पन्नास टक्के, नव्वद टक्के. आकडा जितका मोठा, तितकी स्टिक ताठ आणि तितकीच महाग. आई-वडिलांची फसगत होते ती इथेच. परीक्षेतले टक्के आणि कार्बनचे टक्के यात आपण गल्लत करतो! नव्वद टक्के म्हणजे पोरासाठी सर्वांत चांगली, असं नाही. ती पूर्ण वाढ झालेल्या, रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या खेळाडूसाठी असते. नवशिक्याला लाकडी किंवा काचेच्या धाग्यांची, फार तर वीस-तीस टक्के कार्बनची स्टिक पुरेशी आहे. दोन-तीन वर्षं नियमित खेळलं, फटका नेमका बसू लागला, की मग पन्नासच्या आसपास जावं. त्याच्या वर कधी जायचं ते प्रशिक्षकाला विचारावं, दुकानदाराला नव्हे.

बाकाचंही असंच खूळ आहे. स्टिक एका बाजूने पाहिली तर धनुष्यासारखी किंचित बाकदार दिसते. हा बाक नियमाने २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तो जितका खाली, तितकं चेंडू ओढून फेकणं सोपं. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारे खेळाडू अशी स्टिक वापरतात. टीव्हीवर ते गोल पाहून मुलं तीच मागतात. पण खाली बाक असलेल्या स्टिकने साधा सपाट फटका मारताना चेंडू नकळत उडतो. ज्याला अजून जमिनीलगत सरळ पास देता येत नाही, त्याने साध्या, मध्यावर बाक असलेल्या स्टिकनेच सुरुवात करावी.

किमतीचा विषय आला की एक गोष्ट टाळता येत नाही. हॉकी हा आपल्याकडे श्रीमंतांचा खेळ कधीच नव्हता. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले आणि त्याचे भाऊ मोडक्या स्टिक आणि फेकून दिलेले चेंडू घेऊन खेळले. त्यातून देशाचा कर्णधार तयार झाला. हरयाणातल्या शहाबादच्या राणी रामपालचे वडील गाडी ओढून घर चालवायचे. तिनेही सुरुवात मोडक्या स्टिकनेच केली आणि तिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांनी ४१ वर्षांनी पदक आणलं. अशा घरांतली मुलं पंधरा हजारांची स्टिक पाहून दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरली, तर तोटा कुणाचा? म्हणून प्रशिक्षकांनी आणि शाळांनी पालकांना स्पष्ट सांगायला हवं, की पहिली दोन-तीन वर्षं हजार रुपयांच्या आतली लाकडी स्टिक अजिबात कमीपणाची नाही. शिकायला तीच जास्त चांगली.

झाशीत ही परंपरा आटलेली नाही. ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोक कुमार यांनी १९७५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला तुषार खांडेकरही झाशीचाच. आडनाव वाचून मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर हसू येईल. पुढे तो प्रशिक्षक झाला. ध्यानचंद यांच्या नावाच्या स्टेडियमवर आता कृत्रिम मैदान आहे, त्यामुळे झाशीतल्या पोरांनाही कंपोझिट स्टिकचं गणित सोडवावंच लागतं.

स्टिक घरी आणल्यावरचं थोडं. लाकडी असेल तर खालच्या वळलेल्या भागाला जवसाचं तेल हलक्या हाताने चोळून एक रात्र मुरू द्यावं. लाकूड कोरडं पडत नाही, लवकर चिरत नाही. मुठीपर्यंत तेल जाऊ देऊ नये, नाही तर वेताचा जोड सैल होतो. पावसात भिजली तर पुसून सावलीत वाळवावी, उन्हात किंवा चुलीजवळ नको. खाली टोकाला टेप गुंडाळला तर झीज कमी होते. कंपोझिट स्टिकला तेल लागत नाही, पण बंद गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवू नये. तिला तडा गेला की बारीक धागे बाहेर येतात आणि ते हाताला, समोरच्या खेळाडूलाही टोचतात. पंच अशी स्टिक मैदानात चालू देत नाहीत. मुठीवरची पट्टी घामाने गुळगुळीत झाली की बदलावी. तिला फार पैसे पडत नाहीत आणि पट्टी घसरते म्हणून मूल स्टिक नको तितकी आवळून धरायला लागतं, ते थांबतं.

आणि दर वाढदिवसाला मुलाला पुन्हा एकदा स्टिकशेजारी उभं करावं. मुठीचं टोक कमरेच्या हाडाखाली बरंच उतरलेलं दिसलं, की ती धाकट्या भावंडाला द्यावी. धाकटं नसेल तर शेजारच्याला.